सात क्रमांकाच्या पेशी

माझ्या प्रबंधातील सात क्रमांकाचे रक्तदाते आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, ही गोष्ट प्रबंधात कोठेही नमूद नाही. नियमाप्रमाणे ती नमूद करताही येत नाही. परंतु त्यांच्यावाचून माझी पदवी पूर्ण झाली नसती, आणि हे मी त्यांना अद्याप नीट सांगू शकलेले नाही. त्यांनी स्वतःच आता सर्वांना सांगून टाकले असल्यामुळे येथे लिहिण्यास हरकत नसावी. लिहिणे मला बोलण्यापेक्षा सोपे जाते, जरी तेही मी पन्नाशी उलटल्यावरच सुरू केले आहे.

विलेपार्ल्याच्या एका महाविद्यालयात मी चोवीस वर्षे जीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेत आले. व्याख्याने नव्हे. सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेला विद्यार्थी आपल्याकडे पाहू शकत नाही, हा मला या विषयाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. माणसे माझ्याकडे पाहू लागली की माझा आवाज घशातून उतरून पोटाकडे जातो. मुलुंडमध्ये इतकी वर्षे राहूनही रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात "इथे थांबवा" असे मी क्वचितच म्हटले असेल. रिक्षा जेथे आपणहून थांबेल तेथे मी उतरते आणि मागे चालत येते. व्यायाम होतो.

अशा स्थितीत शेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय निवडताना मी एवढेच पाहिले होते, की त्यात माणसांशी कमीत कमी आणि पेशींशी जास्तीत जास्त संबंध यावा. विषय असा होता: पेशींना प्रथम अगदी कमी मात्रेचा किरणोत्सार दिला आणि काही तासांनी मोठी मात्रा दिली, तर एकदम मोठी मात्रा मिळालेल्या पेशींपेक्षा त्यांचे नुकसान पुष्कळदा कमी होते. लहान माऱ्याने पेशीतील दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि पुढच्या माऱ्याला ती तयारीत सापडते, असे मानले जाते. उद्या पाणी येणार नाही अशी नोटीस लागली की आपण आज पिंप भरून ठेवतो, तसे काहीसे. मात्र ही तयारी कायमची नसते. नोटीस जुनी झाली की पेशी पिंप रिकामे करून पुन्हा निवांत होतात.

यासाठी मला दहा निरोगी माणसांचे थोडे थोडे रक्त हवे होते. रक्तातील पांढऱ्या पेशी काचेच्या नळीत वाढवायच्या, किरण द्यायचे ते त्या नळीतल्या पेशींना, आणि मग काचपट्टीवर त्या पेशी मोजायच्या. पेशीतील गुणसूत्र तुटले तर त्याचा तुकडा मुख्य केंद्रकाच्या बाजूला लहानशा ठिपक्यासारखा दिसतो. ठिपके जितके अधिक, तितके नुकसान अधिक. माणसाला स्वतःला किरणांचे काहीही होत नाही. त्याला फक्त सुई टोचते.

मी सोसायटीतील दहा घरांची यादी केली आणि संमतिपत्रके घेऊन जिना उतरू लागले. पहिल्याच वळणावर वरच्या मजल्यावरचे काका भेटले. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी आमच्या इमारतीत कोण किती वाजता आला-गेला हे त्यांना विचारावे. त्यांचे वय माझ्या यादीत बसत नव्हते.

त्यांनी यादी घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दहाच घरं? मॅडम, बावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत दहाच घरी तिळगूळ वाटतात का कोणी?"

"हे रक्त आहे, काका."

"तेच तर. तिळगुळाचं लोक विसरतील. रक्ताचं नाही विसरणार."

यावर मला जे उत्तर द्यावयाचे होते ते मला साधारण अकरा दिवसांनी सुचले. तोपर्यंत काकांनी फलकावर सूचना लावली होती, खालच्या सभागृहात टेबल मांडले होते आणि जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठीवर लाल शाईने क्रमांक घातलेली टोकने केली होती. सात क्रमांक त्यांनी स्वतःकडे ठेवला. तो त्यांना लाभतो म्हणे. ठरलेल्या रविवारी रक्त घेण्यासाठी आलेल्या ताईंना प्रथम कांदेपोहे देण्यात आले. तळमजल्यावरच्या मालवणच्या काकूंनी नळीकडे निरखून पाहिले आणि मला विचारले, "गो बाय, माझा रगात सुधारला की परत कधी देतलंस?"

मी म्हटले, परत मिळणार नाही. मला वाटते मी म्हटले. त्या पुढचे सहा महिने वाट पाहत होत्या.

एकाच गृहस्थांना आम्ही नाकारले, कारण नुकताच त्यांच्या दाढेचा एक्स-रे झाला होता. त्यांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला, जो मला सोयीचाच होता. बाकी एकवीस जणांनी रक्त दिले. आणि येथे माझ्या हातून एक चूक झाली. नमुन्यांना नवे, गुप्त क्रमांक द्यावयाचे असतात. मी घाईत आणि काकांच्या देखरेखीखाली नळ्यांवर टोकनांचेच क्रमांक घातले. टोकने परत घेण्याचे धैर्य मला झाले नाही. ती अजूनही लोकांच्या पाकिटांत आणि देवघरांत आहेत.

दहाऐवजी एकवीस जणांच्या पेशी मोजण्यात माझे दीड वर्ष अधिक गेले. "नाही" हा शब्द वेळेवर उच्चारता न येण्याची ही किंमत होती आणि मी ती निमूटपणे दिली. मोजणीअखेर वीस जणांच्या पेशींनी अपेक्षेप्रमाणे जुळवून घेतले होते, कोणी अधिक, कोणी किंचित. एकाच माणसाच्या पेशींवर लहान मात्रेचा काडीइतकाही परिणाम झालेला नव्हता. त्यांचा क्रमांक सात.

माझे मार्गदर्शक आनंदले. काही माणसांच्या पेशी असा प्रतिसाद देत नाहीत हे पूर्वीपासून माहीत आहे, पण आपल्या हाती असा माणूस लागणे निराळे. "तुमच्या मूळ दहांत हे होते का?" त्यांनी विचारले. मी मान हलवून नाही म्हटले. मान हलवणे मला जमते.

प्रबंध लिहून झाला आणि तो सादर करण्यापूर्वीचे भाषण आले. विभागातील पंधरा-वीस माणसे समोर बसली होती. मी पहिली पाटी पडद्यावर आणली, "नमस्कार" म्हटले, सर्वांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी "धन्यवाद" म्हणून खाली बसले. मार्गदर्शकांनी उरलेले भाषण माझ्या वतीने केले. नंतर त्यांनी मला खोलीत बोलावले. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत.

"प्रबंध उत्तम आहे," ते म्हणाले. "पण शेवटची मौखिक परीक्षा खुली असते. बाहेरगावचे परीक्षक येतात. तिथे मला तोंड उघडता येणार नाही. तुम्ही गप्प राहिलात तर काम तुमचंच आहे असं मी कशावरून म्हणू? पदवी अडकेल."

सहा वर्षांचे काम होते. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितले. तो विमा कार्यालयात आहे आणि माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण वाचलेला, महाविद्यालयाबाहेरचा एकमेव माणूस आहे.

"अगं, मग सोपं आहे!" तो म्हणाला. "तूच लिहिलंयस ना. लहान मात्रा आधी, मोठी नंतर. तुला रोज थोडं थोडं बोलायला लावू."

"अहो, ते पेशींपुरतं आहे."

"तू कशाची बनलीयस मग?"

या युक्तिवादातील दोष मला स्पष्ट दिसत होता, परंतु तो मांडण्यासाठी बोलावे लागले असते. दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाला. पहिली मात्रा: रिक्षावाल्याला मोठ्याने थांबवणे. मी सोसायटीसमोर "इथे थांबवा" म्हटले, पुन्हा म्हटले, आणि भांडुपला उतरले. दुसरी मात्रा: भाजीवाल्याला पिवळी पडलेली कोथिंबीर परत करणे. मी आणखी एक जुडी घेऊन आले. तिसऱ्या मात्रेला नवऱ्याने एकदम धीर सोडला आणि सोसायटीच्या सभागृहात माझ्या भाषणाची रंगीत तालीम ठेवली. ही लहान मात्रा नव्हे असे मी त्याला चिठ्ठीवर लिहून दिले.

सगळी इमारत आली. प्रत्येकाने टोकन आणले होते. पडद्यावर माझ्या प्रबंधातला मुख्य आलेख होता: प्रत्येक क्रमांकाला दोन खांब, एक करडा, एक नारिंगी. करडा म्हणजे एकदम मोठी मात्रा मिळाल्यावरचे नुकसान. नारिंगी म्हणजे आधी लहान मात्रा देऊन मग मोठी दिल्यावरचे. मला हे सांगावयाचे होते. मी "हा आलेख" एवढे म्हटले आणि थांबले. रिकामी जागा लोकांनी भरून काढली.

"ए, चौदा नंबर माझा! नारिंगी बघ केवढासा!"

"माझा तर त्याहून बुटका. काय गं, बुटका चांगला ना?"

"अरे, तो पंखा बंद करा, पडदा हलतोय. माझे खांब पण हलतायत."

वरच्या मजल्यावरचे काका पुढे झाले. सात क्रमांकाचे करडा आणि नारिंगी हे दोन्ही खांब अगदी एका उंचीचे होते. त्यांनी हात मागे बांधले.

"बघा. सगळ्यांचे वरखाली. माझे दोन्ही समान. याला म्हणतात शिस्त. तीस वर्षं एकदाही लेट मार्क नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी खरे सांगावयास हवे होते. मी पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात मालवणच्या काकूंनी विचारले, "पण गो, ह्यो नारिंगी आखूड बरो की लांब?"

मी नवऱ्याच्या कानात उत्तर दिले आणि त्याने ते विम्याच्या कार्यालयातील आवाजात जाहीर केले: "नारिंगी आखूड म्हणजे पेशी जुळवून घ्यायला शिकल्या. समान म्हणजे नाही शिकल्या."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. मग काकांच्या पत्नी, ज्या एरवी कोणाच्या मध्ये बोलत नाहीत, त्या शेवटच्या रांगेतून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी हेच सांगत्येय. आता रक्तात निघालं."

मार्गदर्शकांना मी हे सर्व पत्राने कळवले. त्यांनी फोन करून मला पाच मिनिटे सुनावले, आणि ते योग्यच होते. आलेखावरचे क्रमांक मी तत्काळ काढून टाकले. त्याचा उपयोग झाला नाही. सात क्रमांकाची जोडी कोणती हे आता मुलुंड पूर्वेतील बऱ्याच लोकांना ठाऊक होते.

यानंतर लिफ्टचा प्रकार सुरू झाला. मी रोज सकाळी सव्वाआठला पाचव्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहते. लिफ्ट वरून येई, दार उघडे आणि आत काका उभे असत.

"मॅडम, का?"

पहिल्या दिवशी मी "माहीत नाही" म्हटले. आमची लिफ्ट फार हळू उतरते. दुसऱ्या दिवशी दार उघडले.

"माहीत नाही म्हणजे? सहा वर्षं काय केलंत?"

प्रश्न रास्त होता. मी दोन वाक्ये बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन वाक्यांवर तीन शंका काढल्या. "माझ्या आईकडून आलं असेल का?" "मी पोहे आधी खाल्ले म्हणून का?" "परत रक्त घ्या, या वेळी मी लक्ष देऊन बसतो." पुढे पुढे मी लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वीच उत्तराची जुळवाजुळव करू लागले, पाचव्यापासून तळमजल्यापर्यंत पुरेल एवढ्या लांबीचे. हे मला का जमत असे, याचा तेव्हा मी विचार केला नाही. लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे पाहत नाही. आम्ही दोघेही दारावरचे लाल आकडे पाहत असू.

मौखिक परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने मला पहाटेच उठवले. परीक्षा अकराला होती आणि पहिल्या प्रकरणात त्याने वाचले होते, की लहान मात्रा चार तास आधी द्यावी. म्हणून बरोबर सात वाजता मी सोसायटीच्या आवारात उभी राहून त्याने कोठूनतरी आणलेल्या भोंग्यातून "पंप चालू आहे" असे जाहीर केले. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले, "कोण आहे रे तो?" मला अतिशय लाज वाटली. तयारी झाल्यासारखे मात्र काहीच वाटले नाही.

विद्यापीठाच्या सभागृहात गेले तर मागच्या पाच रांगा भरलेल्या होत्या. "खुली म्हणजे सगळ्यांना खुली. नियम वाचला मी," काका म्हणाले. भाड्याची गाडी करून सोसायटी आली होती, आणि कोणाच्या तरी पिशवीतून थालीपिठाचा वास येत होता. बाहेरगावच्या परीक्षक बाईंना वाटले, हा माझा विद्यार्थिवर्ग आहे. त्यांतले अर्धे सत्तरीचे होते, तरी त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

भाषण मी पडद्याकडे तोंड करून वाचून काढले. पाठीला कोणी कितीही पाहिले तरी मला फारसे कळत नाही. मग दिवे लागले आणि परीक्षक बाईंनी अतिशय सौम्यपणे पहिला प्रश्न विचारला.

"या आलेखात एका व्यक्तीच्या पेशींनी प्रतिसाद दिलेला नाही. याची कारणमीमांसा कराल?"

मी वळले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आवाज घशातून निघाला आणि खाली गेला. तिसऱ्या रांगेत नवऱ्याचे ओठ हलत होते. त्याला उत्तर माहीत नव्हते, तो नुसतेच हलवत होता. मार्गदर्शक जमिनीकडे पाहत होते. परीक्षक बाईंनी प्रश्न इंग्रजीत विचारला, मग पुन्हा मराठीत. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला पेन उघडले, आणि मला वाटले, संपले.

तेवढ्यात मागून खुर्ची वाजली.

"एक मिनिट," काका उभे राहून म्हणाले.

"आपण कोण?" परीक्षक बाईंनी विचारले.

"मी सात नंबर." त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचा तुकडा काढून वर धरला. मार्गदर्शकांनी डोळे मिटले. काका माझ्याकडे वळले, रोजच्याच स्वरात, किंचित त्राग्याने.

"मॅडम, का?"

सभागृहाच्या दारावर एक घड्याळ होते, लाल आकड्यांचे. माझी नजर आपोआप तिकडे गेली.

"काका, नक्की कारण अजून कोणालाच माहीत नाही," मी म्हटले. "पण तीन शक्यता आहेत. एक, तुमच्या पेशींत दुरुस्ती जागी करणारी सूचनाच नीट पोहोचत नसेल; हे जन्मजात असू शकतं. दोन, पोहोचत असेल, पण त्यांना तयारीला चार तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल. आम्ही चारच तास दिले. तीन, त्या एका दिवशीच तसं झालं असेल. त्याच माणसाचं रक्त दुसऱ्या दिवशी निराळं वागल्याचं आढळलेलं आहे, त्यामुळे एका नमुन्यावरून तुमच्यावर शिक्का मारणं घाईचं होईल. आणि एक गोष्ट लोक विसरतात. तुमचा करडा खांब बघा. मोठी मात्रा एकदम दिली तेव्हा तुमच्या पेशी इतरांपेक्षा जास्त मोडलेल्या नाहीत. म्हणजे त्या कमजोर नाहीत. आगाऊ सूचनेचा त्यांनी फायदा घेतला नाही, एवढंच."

"म्हणजे नोटीस वाचत नाहीत," काकांच्या पत्नी म्हणाल्या. "घरी तेच."

बोलणे संपले होते. मी दारावरच्या आकड्यांकडे पाहत दार उघडण्याची वाट पाहू लागले. ते उघडले नाही. मग माझ्या लक्षात आले की मी सभागृहात आहे, आणि सुमारे साठ माणसे माझ्याकडे पाहत आहेत, आणि आवाज अजून घशातच आहे. परीक्षक बाईंनी ताबडतोब दुसरा प्रश्न विचारला, बहुधा तो पुन्हा खाली जाण्याच्या आत. तोही काकांनी एका मंगळवारी विचारून झालेला होता.

पदवी मिळाली. थालीपिठे विद्यापीठाच्या पायऱ्यांवर खाण्यात आली. हा आपल्या भोंग्याचाच परिणाम, असे नवऱ्याचे ठाम मत आहे. सात ते अकरा, बरोबर चार तास. मला वाटते, ते लिफ्टमुळे झाले असावे. परंतु माणूस एकच, तुलनेला दुसरा नाही, आणि दोन्ही मात्रा एकत्र मिळालेल्या. अशा प्रयोगावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्वतः गुण दिले नसते.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला लिफ्टचे दार उघडले. काका आत होते. चौथा मजला गेला, तिसरा गेला.

"काका," मी म्हटले, "आज काही विचारायचं नाही?"

"नाही. समजलं," ते आकड्यांकडे पाहत म्हणाले. "आमच्या पेशींना चार तास पुरत नाहीत. त्यांना वेळ द्यायला हवा होता तुम्ही."

आणि तळमजला येईपर्यंत मी त्यांना ती केवळ तीनांपैकी एक शक्यता आहे हे समजावून सांगत होते, इतक्या मोठ्याने, की बाहेर उभ्या असलेल्या मालवणच्या काकू म्हणाल्या, "गो बाय, हळू. माका ऐकाक येता."